बंदुकीचा चाप : मूळ व काळ यांची ओळख

बंदुकीच्या नळीतील दारू पेटविण्यासाठी नळीच्या मागील टोकाशी बसविलेल्या यंत्रणेस चाप म्हणतात. बोलीभाषेत चाप म्हणजे बोटाने ओढावयाचा खटका, असा अर्थ रूढ आहे. परंतु या नोंदीत संपूर्ण यंत्रणेस चाप आणि बोटाने ओढावयाच्या भागास खटका अशा संज्ञा योजिल्या आहेत. पुढून दारू ठासून भरावयाच्या बंदुकीचे नळी, दस्ता व चाप असे तीन मुख्य भाग असतात. त्यांपैकी चाप हा सर्वांत गुंतागुंतीचा व सर्वांत लवकर बदलणारा भाग असल्यामुळे जुन्या बंदुकीचा काळ व मूळ ठरविताना प्रथम चापाकडेच पाहिले जाते. तथापि चाप दोन-तीन स्क्रू काढून सहज वेगळा करता येतो. त्यामुळे चापावरून निघालेले अनुमान प्रथमतः चापापुरतेच खरे असते. ते संपूर्ण बंदुकीस लागू करण्यापूर्वी स्वतंत्र पुरावा पहावा लागतो.

महाराष्ट्रात, विशेषतः मराठवाड्यात, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. परभणी जिल्ह्यातील बोरी (ता. जिंतूर) व तिच्या आसपासचा प्रदेश हा जालना व हिंगोली या दोन जुन्या लष्करी छावण्यांच्या दरम्यानचा मुलूख होय. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत या भागातून निजामाचे, मराठ्यांचे, फ्रेंच अधिकाऱ्यांनी शिकविलेले व ईस्ट इंडिया कंपनीचे अशी निरनिराळी सैन्ये वावरली. अशा प्रदेशातील वाड्यात किंवा गढीत मिळालेला गंजलेला चाप लंडनचा, फ्रान्सचा, हैदराबादचा किंवा स्थानिक लोहाराच्या हातचाही असू शकतो. घराण्यातील परंपरा त्यास बहुधा एखाद्या पूर्वजाशी व एखाद्या लढाईशी जोडते. ती परंपरा पारखण्याचे साधन म्हणजे त्या चापाचे पद्धतशीर परीक्षण होय.

प्रकार व त्यांचा काळ : ठिणगी अथवा विस्तव कसा निर्माण होतो, यावरून चापांचे चार मुख्य प्रकार पडतात.

(१) तोड्याचा चाप : यात सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळविलेल्या दोरीचे, म्हणजे तोड्याचे वा जामगीचे, जळते टोक एका वाकड्या दांडीत धरलेले असते. खटका ओढला की दांडी रंजकेच्या वाटीत उतरते, रंजक पेटते आणि नळीच्या कानातून विस्तव आतील दारूस पोहोचतो. हा प्रकार यूरोपात पंधराव्या शतकात उदयास आला. भारतात बाबराने १५२६ मध्ये पानिपतच्या लढाईत तोड्याच्या बंदुका परिणामकारकपणे वापरल्या.

भारतीय तोड्याच्या चापात दांडी दस्त्यातच पाडलेल्या खाचेतून वर येते आणि पुढे, म्हणजे नळीच्या तोंडाच्या दिशेने, झुकते. दस्त्याच्या दोन्ही बाजूंस लोखंडी पट्ट्या असतात; आत एक साधी तरफ असून जोरदार कमान नसते. दांडी बोटाच्या ओढीबरोबरच सावकाश चालते. यूरोपीय तोड्याच्या चापात दांडी बहुधा बाहेरील पट्टीवर असते व नेमबाजाच्या दिशेने मागे येते. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर तिसरा एक प्रकार घडू लागला. त्यात पट्टीच्या बाहेरील अंगास कमान असते आणि ताणलेली दांडी खटका दाबताच झटक्याने पडते. १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर जपानमध्ये पोहोचलेल्या बंदुका याच कुळातील होत. दांडीची दिशा व कमानीची जागा या दोन गोष्टी पाहिल्या, तर तोड्याचा चाप कोणत्या परंपरेतील आहे, हे बहुधा पहिल्याच दृष्टिक्षेपात कळते.

(२) चक्राचा चाप : किल्लीने गुंडाळलेल्या कमानीच्या जोरावर दातेरी चक्र फिरून पायराइटाच्या खड्यावर घासते व ठिणग्या पडतात. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी यूरोपात निघालेला हा प्रकार महाग व नाजूक होता. भारतात त्याचा प्रसार झाला नाही.

(३) चकमकीचा चाप : घोड्याच्या जबड्यात धरलेली गार पोलादी झडपेवर आदळते, झडप उघडून ठिणग्या खालच्या वाटीत पडतात. ठिणगी पाडणारी झडप व वाटीचे झाकण हे एकाच तुकड्यात आणि अर्धा चढ व पूर्ण चढ या दोन्ही अवस्था आतील फिरकीच्या खाचांत, ही या चापाची परिपक्व रचना फ्रान्समधील लिझ्यू येथील मारँ ल बुर्झ्वा या कारागिराच्या नावे सु. १६१० पासून ओळखली जाते. स्पेन व ऑटोमन प्रदेशांतील चापांत मुख्य कमान पट्टीच्या बाहेर असते, तर श्रीलंकेतील बंदुकांत चाप दस्त्याच्या डाव्या बाजूस असतो. या दोन खुणा इतर चापांपासून त्यांना वेगळे करण्यास पुरेशा आहेत.

(४) टोपीचा चाप : स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर फॉर्साइथ याने १८०७ मध्ये आघाताने स्फोट पावणाऱ्या रसायनाच्या वापराचे एकस्व घेतले. १८२० नंतरच्या दशकात तांब्याची टोपी प्रचारात आली आणि ब्रिटिश सैन्याने ती १८४० च्या सुमारास स्वीकारली. यात वाटी व झडप नसतात. घोडा पोकळ बोंडीवरील टोपीवर हातोड्यासारखा आदळतो.

चापाच्या प्रकारावरून केवळ काळाची पूर्वमर्यादा मिळते. टोपीचा चाप १८०७ पूर्वीचा असू शकत नाही, हे निश्चित. परंतु तोड्याचा चाप प्राचीनच असला पाहिजे, असे मात्र नाही. भारतीय तोड्याच्या चापाची रचना सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत फारशी बदलली नाही. तो स्वस्त होता, गावचा लोहार तो दुरुस्त करू शकत होता आणि त्यास चांगल्या पोलादाची कमान लागत नव्हती. त्यामुळे चकमकीच्या बंदुका उपलब्ध झाल्यावरही तोड्याच्या बंदुका घडतच राहिल्या. ‘तोड्याची म्हणून शिवकालीन’ हा सर्रास काढला जाणारा निष्कर्ष यामुळेच चुकीचा ठरतो.

दख्खनमधील चापांचे मार्ग : दख्खनमध्ये यूरोपीय चाप मुख्यतः चार मार्गांनी आले. पहिला मार्ग फ्रेंचांचा. द बुसी हा १७५० नंतरच्या दशकात निजामाच्या दरबारी व औरंगाबादेस होता. त्याच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला. रेमाँ याने हैदराबादेस निजामासाठी पलटणी उभारल्या व तोफांचा कारखाना चालविला. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत या पलटणी निजामाच्या सैन्यात होत्या. रेमाँच्या मृत्यूनंतर ऑक्टोबर १७९८ मध्ये ब्रिटिशांनी त्या निःशस्त्र केल्या. दुसरा मार्ग महादजी शिंदे यांच्या सैन्याचा. द बॉइन्य याच्या पलटणींसाठी आग्रा येथे सँग्स्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली यूरोपीय धर्तीच्या बंदुका तयार होत. अशा बंदुकांवर यूरोपीय कारखान्याचे नाव नसले, तरी त्यांना साध्या नकला म्हणता येत नाही.

तिसरा व सर्वांत रुंद मार्ग ईस्ट इंडिया कंपनीचा. आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेल्या लढाईत कंपनीच्या मद्रास पायदळाबरोबर इंग्लंडच्या राजाच्या ७४ व्या व ७८ व्या पलटणी होत्या. म्हणजे एकाच रणांगणावर कंपनीच्या व राजाच्या अशा दोन वेगळ्या मालकीच्या बंदुका वापरात होत्या. पुढे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या पलटणी हिंगोली, जालना, औरंगाबाद व मोमिनाबाद (अंबाजोगाई) येथे राहिल्या. १९०३ मध्ये ही फौज भारतीय सैन्यात विलीन झाली. चौथा मार्ग निजामाच्या राज्यातील अरब व रोहिला शिबंदीचा. जानेवारी १८१९ मध्ये हटकर नाईक नौसाजी याच्याविरुद्ध हैदराबादच्या फौजेने नोव्हा येथे केलेल्या कारवाईत किल्ल्यातील शिबंदीत अरबांचा मोठा भरणा होता. अरबांच्या लांब नळीच्या तोड्याच्या बंदुका या प्रदेशात यामुळेच आढळतात. त्यांच्या नळीचे, चापाचे व मढवणीचे मूळ निरनिराळ्या देशांतील असू शकते.

पट्टीचा आकार व घडण : ब्रिटिश लष्करी चकमकीच्या चापात सु. १७५५ पर्यंत पट्टीची खालची कडा केळ्याप्रमाणे बाकदार असे. त्यानंतरच्या नमुन्यांत ती सरळ झाली. वाटीपासून झडपेच्या खिळ्यापर्यंत जाणारी बाह्य आधारपट्टी १७४० च्या सुमारास लष्करी चापात आली. व्यापारासाठी केलेल्या हलक्या चापांत ती पुढेही कित्येकदा गाळलेली असे. घोड्याची मानही महत्त्वाची आहे. कंपनीने आपल्या सैन्यासाठी सिद्ध केलेला व पुढे ‘इंडिया पॅटर्न’ म्हणून ओळखला गेलेला, ३९ इंच (सु. ९९ सेंमी.) नळीचा नमुना ब्रिटिश शस्त्रखात्याने १७९७ मध्ये सर्व कारागिरांना लागू केला. त्याच्या घोड्याची मान १८०९ पर्यंत हंसाच्या मानेसारखी बारीक व वळणदार होती. त्या वर्षी तिच्या जागी भरीव आधार व मधे छिद्र असलेली मजबूत मान आली. १७७७ च्या फ्रेंच नमुन्यातील वाटी पितळेची व पुढे कललेली असते, ही फ्रेंच चापाची ठळक खूण होय. शिकारी बंदुकांच्या चापांत झडपेखाली घासणारे लहान चाक व पावसाचे पाणी बाजूस काढणारी वाटी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून दिसू लागते.

छापे व लेख : ब्रिटिश शस्त्रखात्याच्या चापांवर मुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरे व खात्याच्या मालकीचा बाणाचा छाप असतो. १७६४ पर्यंत त्यांवर कारागिराचे नाव व वर्ष कोरीत. त्यानंतर नाव व वर्ष काढून केवळ ‘टॉवर’ किंवा ‘डब्लिन कॅसल’ असा लेख येऊ लागला. म्हणून मुकुट व ‘टॉवर’ असूनही वर्ष नसणे हीच एक तारीख ठरते. कंपनीच्या चापांवर राजाची आद्याक्षरे नसतात. त्यांवर १८०८ पर्यंत चार भागांत विभागलेले व वर चारच्या आकड्यासारखे चिन्ह असलेले हृदयाकृती व्यापारचिन्ह असे; त्यानंतर मागील पायांवर उभा असलेला सिंह आला. कंपनीची सत्ता १८५८ मध्ये संपल्यावर नव्या चापांवर राणी व्हिक्टोरियाचा मुकुट व आद्याक्षरे आढळतात.

फ्रेंच चापांवर शार्लव्हिल, सेंट एत्येन, मोबज यांसारख्या कारखान्यांची नावे असतात. कारखान्याचे बिरुद ‘रॉयल’ असेल, तर चाप राज्यक्रांतीपूर्वीचा. ‘नॅशनल’ असेल, तर क्रांतिकाळातील. ‘इंपेरियल’ असेल, तर नेपोलियनच्या साम्राज्यकाळातील (१८०४–१५), असे सामान्यतः धरता येते. बेल्जियममधील ल्येझ येथील मालाची ओळख लंबवर्तुळातील तीन अक्षरांच्या चाचणीछापावरून पटते. परंतु हा छाप नळीवर असतो, चापावर नव्हे. चापावरून काढलेले अनुमान नळीवर ताडून पहाणे का आवश्यक आहे, ते यावरून ध्यानात येईल.

भारतीय लेखांत कालगणना ओळखणे हे पहिले काम असते. शक वर्षात ७८ मिळविले किंवा विक्रम संवतातून ५६-५७ वजा केले म्हणजे इसवी सन येतो. दख्खनी फसली सनात ५९०-९१ व सुहूर सनात ५९९-६०० मिळवावे लागतात. हिजरी सन चांद्र असल्यामुळे त्यास असा एकच आकडा चालत नाही. टिपू सुलतानच्या कारखान्यांतील बंदुका वाघाच्या पट्ट्यांच्या नक्षीवरून व मौलूदी सनावरून ओळखता येतात. या सनाचे अंक उजवीकडून डावीकडे लिहिलेले असून, त्यात ५७१-७२ मिळविले म्हणजे इसवी सन मिळतो. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडल्यावर तेथील शस्त्रे विजेत्यांत विखुरली. निजामाची फौज त्या मोहिमेत सामील होती. मात्र शस्त्रागारातील नोंदीचा लेख व घडणीचा लेख यांत भेद करावा लागतो. बिकानेरच्या अनुपसिंहाने १६८९ मध्ये अदोनी घेतल्यानंतर तेथील शस्त्रांवर बिंदूंनी कोरविलेले लेख ती शस्त्रे केव्हा हाती आली, हे सांगतात. ती केव्हा घडली, हे सांगत नाहीत.

अंतर्भाग : पट्टीच्या आतील बाजूचा पुरावा बाहेरील छाप्यांहून पुष्कळदा अधिक विश्वसनीय असतो, कारण ती बाजू गिऱ्हाइकासाठी सजविलेली नसते. इंग्लंडमधील चाप मुख्यतः स्टॅफर्डशर भागातील वुल्व्हरहॅम्प्टन, डार्लस्टन इ. गावी तयार होत. ते घडविणाऱ्या कारागिरांची आद्याक्षरे आतील बाजूस उमटविलेली असतात. बाहेर लंडनच्या बंदूकवाल्याचे नाव व आत स्टॅफर्डशरच्या कारागिराची अक्षरे असणे, ही विसंगती नसून त्या काळची सामान्य व्यापारपद्धती होय. जोडणी करताना प्रत्येक भागावर कानशीने केलेल्या सारख्या खुणा असतात; एखाद्या भागावरील खूण वेगळी असेल, तर तो मागाहून बसविलेला समजावा. भारतात दुरुस्त झालेल्या चापांत कमान जाड, कानशीचे ओरखडे न घासलेले व खुणा देवनागरी वा फार्सी अंकांत असू शकतात. स्क्रूचे आटेही बोलके असतात. हाताने पाडलेले आटे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. इंग्लंडमध्ये व्हिटवर्थने आट्यांचे प्रमाणीकरण १८४१ मध्ये सुचविले. सर्व स्क्रू अगदी एकसारखे असतील, तर चापाची वा निदान स्क्रूंची घडण अलीकडची मानावी.

रूपांतर, जोडजमव व नकला : टोपीचा प्रसार झाल्यावर असंख्य चकमकीचे चाप टाकून न देता बदलून घेण्यात आले. वाटी व झडप काढून घोडा बदलला जाई. झडपेच्या खिळ्याची व तिच्या कमानीची भोके धातूने बुजविली जात. तिरप्या प्रकाशात या बुजविलेल्या भोकांची वर्तुळे स्पष्ट दिसतात. अशा चापाची पट्टी अठराव्या शतकातील आणि आजचे स्वरूप एकोणिसाव्या शतकातील असते. दोन्ही विधाने खरी असल्यामुळे दोन्ही तारखा नोंदविणे आवश्यक असते. त्याचप्रमाणे १८५३ च्या एन्फील्ड नमुन्याच्या अनेक बंदुका १८६६ नंतर मागून काडतूस भरण्याच्या स्नायडर पद्धतीत बदलल्या गेल्या, पण चाप तोच राहिला. पट्टीवरील वर्ष त्यामुळे आजच्या स्वरूपातील बंदुकीपेक्षा जुने असते.

स्थानिक लोहार लढाईत किंवा मोडीत मिळालेला इंग्रजी चाप देशी दस्त्यावर चढवीत. अशा वेळी दस्त्यातील खाच पट्टीपेक्षा मोठी वा वेगळ्या आकाराची असते, रिकामी जागा लाखेने वा लाकडाच्या तुकड्याने भरलेली आढळते आणि वाटी व नळीचा कान एका रेषेत येत नाहीत. या खुणा दिसल्या, तर पट्टीवरील नाव बंदुकीचे नव्हे, हे उघड होते.

कंपनीच्या चिन्हांना भारतात व वायव्य सरहद्दीवर एवढी प्रतिष्ठा होती, की त्यांच्या नकला मोठ्या प्रमाणात झाल्या. नकलेत अक्षरे उलटी वा चुकीची, सिंह ओबडधोबड, हृदयाकृतीचे भाग असमान आणि वर्ष व नमुना परस्परविसंगत असतात, उदा., हृदयाकृती चिन्ह व १८१० नंतरचे वर्ष एकत्र असणे संशयास्पद होय. या नकलांतही भेद आहे. वापरासाठी केलेल्या जुन्या देशी प्रतिकृतीत कमानी जोरदार असून झडपेवर गारेचे खरे ओरखडे असतात. प्रवाशांना विकण्यासाठी अलीकडे केलेल्या वस्तूंत झडप अनेकदा कोरी, पट्टी ओतीव व गंज रसायनाने आणलेला असतो. पहिल्या प्रकारच्या वस्तू देशी कारागिरीचा अस्सल पुरावा असल्याने त्यांना ‘बनावट’ म्हणून टाकून देणे योग्य नाही. जबड्यातील गार मात्र काळाचा पुरावा नव्हे. इंग्लंडच्या सफोक भागातील ब्रँडनची काळी गार दख्खनच्या गारगोटीहून सहज ओळखू येते. पण गार सतत बदलली जात असल्यामुळे ती फक्त शेवटच्या वापराची साक्ष देते.

परीक्षणाचा क्रम : प्रथम बंदूक भरलेली नाही, याची खात्री करावी, ठासलेली दारू कित्येक दशकांनीही पेटू शकते. लाकडी काठी नळीत सावकाश घालून तिची आत गेलेली लांबी नळीच्या तोंडापासून कानापर्यंतच्या बाहेरील लांबीशी ताडावी. काठी कानाच्या बऱ्याच अलीकडे थांबली, तर बंदूक भरलेली असू शकते असे समजून पुढील काम जाणकाराकडे सोपवावे. नंतर क्रमाने प्रकार, पट्टीचा आकार, घोडा व वाटी, अंतर्भाग, दस्त्याशी जुळणी आणि शेवटी छापे व लेख पहावेत. छाप सर्वांत शेवटी पहाण्याचे कारण असे, की तो प्रथम वाचला म्हणजे बाकीचा पुरावा त्यास अनुकूल असाच दिसू लागतो. सर्व पुरावा एकाच काळाकडे निर्देश करील, तरच निश्चित तारीख द्यावी. अन्यथा प्रत्येक भागाची कालमर्यादा स्वतंत्रपणे नोंदवावी. घराण्यातील परंपरा, वस्तू मिळाली ती जागा व तिच्या बरोबर मिळालेल्या वस्तू यांचीही नोंद स्वतंत्रपणे ठेवावी. चापाचे मूळ परदेशी ठरले, म्हणून वस्तू येथे वापरली गेल्याचा पुरावा खोटा ठरत नाही.

परीक्षणापूर्वी वाळूकागद, चिंच, लिंबू किंवा आम्ल यांनी चाप उजळू नये. उथळ छाप व अक्षरे अशा घासण्याने कायमची नाहीशी होतात. कोरड्या मऊ कापडाने धूळ काढून व पातळ तेल लावून तिरप्या प्रकाशात छायाचित्र घेणे पुरेसे असते. गार नसताना घोडा सोडू नये व मुख्य कमान पकडीवाचून काढू नये.

तुलनेसाठी पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालय व हैदराबादचे सालारजंग संग्रहालय यांतील शस्त्रसंग्रह उपयुक्त आहेत.

कायद्याच्या दृष्टीने, १९५९ च्या शस्त्र अधिनियमात जुन्या नमुन्याच्या वा पुराणवस्तुमूल्य असलेल्या आणि दुरुस्तीनेही चालू न शकणाऱ्या शस्त्रांना सूट आहे. चालू शकणारी ठासणीची बंदूक मात्र कितीही जुनी असली, तरी तीस परवाना लागतो. शंभर वर्षांहून जुनी शस्त्रे १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाखाली येत असून ती खाजगीरीत्या परदेशी पाठविता येत नाहीत. शेतात, विहिरीत वा पडक्या भिंतीत पुरलेली मौल्यवान वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमान्वये जिल्हाधिकाऱ्यास कळविणे आवश्यक असते. अशी नोंद वेळीच झाली, तर वस्तूची जागा व तिच्या बरोबरचा पुरावा टिकून रहातो. चापावरील अक्षरे पुसट झाली, तरी तेवढ्या नोंदीवरून त्याचा इतिहास पुष्कळ अंशी जुळविता येतो.